‘बऱ्याचदा’ म्हणजे नक्की किती? : सहभाग सर्वेक्षणाच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

नवं काम हातात आलं. महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यासातला सहभाग मोजणारी आपली प्रश्नावली दोन वर्षं वापरून झाली आहे. आता ती विश्वसनीय आहे की नाही हे तपासून दोन पानी टिपण द्यायचं. मॅडमचे शब्द जसेच्या तसे : “अगं, अल्फा काढ, आकडा बरा आला की लिहून टाक. आठवड्याचं काम आहे.” (अल्फा म्हणजे प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा, जास्तीत जास्त १ पर्यंत जाणारा आकडा.) मलाही तसंच वाटतंय.

प्रश्नावलीत २४ कलमं (म्हणजे प्रश्न), चार गट : वर्गातला सहभाग, शिक्षकांशी संपर्क, एकमेकांबरोबर शिकणं आणि शेवटचा ‘तुमच्यात किती प्रगती झाली’ हा गट. पहिल्या तीन गटांत पर्याय चार : कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. चौथ्यातही चारच, पण ‘अजिबात नाही’पासून ‘खूप’पर्यंत. सगळा साचा अमेरिकेतल्या एनएसएसई (नॅशनल सर्व्हे ऑफ स्टुडंट एंगेजमेंट) या विद्यार्थी-सहभागाच्या सर्वेक्षणावरून घेतलेला दिसतो. तिकडे तिला ‘नेसी’ म्हणतात. इंडियाना विद्यापीठातून २००० मध्ये ती सुरू झाली, जॉर्ज कू तिचे पहिले संचालक. विद्यार्थी खूश आहे का हे विचारण्यापेक्षा तो प्रत्यक्ष काय करतो ते विचारावं, हा त्यामागचा विचार. २०१३ मध्ये त्यांनी प्रश्नावलीची मोठी डागडुजी केली आणि जुन्या पाच मापदंडांच्या जागी दहा निर्देशक आणले. उत्तरांना ०, २०, ४०, ६० असे गुण देऊन सरासरी काढतात. आपणही तेच करतो. ‘कधीकधी’ ते ‘बऱ्याचदा’ हे अंतर आणि ‘बऱ्याचदा’ ते ‘नेहमी’ हे अंतर सारखंच, असं गृहीत धरून. ते नंतर बघू.

८ जानेवारी

डेटा साफ करणं चालू. गेल्या वर्षीचा ऑनलाइन लिंकवरून आलेला, यंदाचा कागदावरचा.

कागदी फॉर्मचा गठ्ठा मुद्दाम मागवून घेतला, कारण एक्सेलमध्ये काही रांगा फारच देखण्या दिसत होत्या. ३, ३, ३, ३, शेवटपर्यंत. मूळ फॉर्म काढून बघितला तर त्यावर २४ खुणा नव्हत्याच. ‘बऱ्याचदा’च्या रकान्यात वरून खालपर्यंत बॉलपेनने ओढलेली एकच उभी रेघ होती, शेवटी जरा डावीकडे वळलेली, बहुधा बेल झाली असावी. डेटा एंट्री करणाऱ्याने त्या एका रेघेचे प्रामाणिकपणे २४ तिन्ने करून ठेवले आहेत. ‘मी तयारी करून वर्गात जातो/जाते’ याला ३ आणि ‘मी नेमून दिलेलं न वाचताच वर्गात जातो/जाते’ यालाही ३.

उलट अर्थाचं हे एकच कलम आहे. तेही नसतं तर अशी रेघ पकडायला काही साधनच नव्हतं. तूर्तास एकही फॉर्म काढून टाकलेला नाही, वेगळ्या कॉलममध्ये फक्त खूण केली आहे.

९ जानेवारी

अल्फा काढला. २४ कलमांचा एकत्र, छान ०.८ च्या वर. मॅडमना कळवणारच होते, तेवढ्यात रेघवाले बाजूला काढून पुन्हा चालवून बघितलं.

अल्फा खाली आला.

आधी वाटलं सूत्र चुकलं. दोनदा तपासलं, बरोबर होतं. मग कागदावर मांडल्यावर उलगडा झाला. क्रोनबाखचा अल्फा (१९५१ चा त्यांचा लेख) बघतो ते एवढंच, की कलमं एकमेकांबरोबर किती हलतात. कोणी सगळीकडे ३ टिक करतो, कोणी सगळीकडे २. अशा माणसांची कलमं एकमेकांबरोबर हलण्यात कुणालाच हार जाणार नाहीत. म्हणजे कंटाळून फॉर्म भरणारे जितके जास्त, तितका अल्फा देखणा. त्या एका उलट्या कलमाने जरा खोडा घातला, पण २४ पुढे एकाचं काय चालणार.

दुसरी गंमत कलमांच्या संख्येची. कलमांमधला सरासरी सहसंबंध (एक वर गेलं की दुसरंही किती वर जातं ते) ०.३ धरला, म्हणजे फार काही नाही, तर चार कलमांचा अल्फा ०.६३ येतो, आठ कलमांचा ०.७७, बारांचा ०.८४. प्रश्न तेच, तितकेच ढोबळ. नुसती यादी लांबवली तरी ‘विश्वसनीयता’ वाढते. आपण चार निरनिराळ्या गोष्टी मोजणारी २४ कलमं एका पोत्यात भरून अल्फा काढला, तो चांगला येणारच होता. गटवार काढला तेव्हा शिक्षकांशी संपर्काचा गट सगळ्यांत मागे.

१२ जानेवारी

मॅडमशी अर्धा तास. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बरं, मग हा आकडा वापरणार कोण?” अहवाल विभागांना जातो. विभागप्रमुख त्यात दोनच गोष्टी बघतात : आपला नंबर कितवा आणि गेल्या वर्षीपेक्षा वर की खाली. एका विद्यार्थ्याचा गुण कोणी बघतच नाही. आणि अल्फा सांगतो तो नेमका त्या एका विद्यार्थ्याच्या गुणाबद्दल.

म्हणजे विभागाच्या सरासरीची विश्वसनीयता वेगळी काढायला हवी. आणि फरकाची आणखी वेगळी. आठवड्याचं काम आता आठवड्याचं राहिलेलं नाही.

१५ जानेवारी

पुनर्परीक्षणासाठी एका वर्गाकडून आज फॉर्म भरून घेतला, दोन आठवड्यांनी तोच पुन्हा देणार. नाव लिहायला सांगितलं तर उत्तरं बदलतात, म्हणून फॉर्मवर प्रत्येकाने स्वतःचा कोड लिहायचा : फोन नंबरचे शेवटचे दोन अंक आणि आईच्या नावाचं पहिलं अक्षर.

दुपारी विभागांच्या सरासरीचं गणित. एका विभागातले विद्यार्थी एकमेकांपासून किती वेगळे आणि विभाग एकमेकांपासून किती वेगळे, हे आधी सुटं करायचं. नेसीवाले स्वतःच वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की सहभागातला नऊ-दशांशाहून जास्त फरक एकाच संस्थेच्या आत, विद्यार्थ्या-विद्यार्थ्यांत असतो. संस्थासंस्थांमधला फरक म्हणजे उरलेली चिमूट. त्या चिमटीवर क्रमवारी लावायची!

समजा एकूण प्रचरणातला (म्हणजे गुणांमधल्या एकूण फरकातला) ३ टक्के भाग विभागांमुळे आहे. तर २० जणांच्या उत्तरांवरून काढलेल्या विभागीय सरासरीची विश्वसनीयता ०.३८. ५० जणांवर ०.६१, १०० वर ०.७६. ०.८ गाठायला १३० जण लागतात. सूत्र लिहिताना लक्षात आलं, हे तर ९ तारखेचंच सूत्र. स्पिअरमन आणि ब्राउन या दोघांनी १९१० मध्ये आपापलं स्वतंत्रपणे मांडलेलं. तिथे कलमं वाढली की आकडा वाढत होता, इथे विद्यार्थी वाढले की वाढतो. पण इथे वाढलेला विद्यार्थी खरोखर नवी माहिती घेऊन येतो, तिथे वाढलेलं कलम बहुतेक वेळा जुनंच तुणतुणं वाजवतं.

आपल्या लहान विभागांत एकूण पटच १३० नाही.

मॅडमची शंका : “विभागातल्या झाडून सगळ्यांनी भरला तर? मग नमुन्याचा प्रश्न येतो कुठे?” मुद्दा बरोबर आहे. त्या वर्षीच्या त्या मुलांबद्दलच बोलायचं असेल तर येत नाही. पण अहवालातलं वाक्य असं असतं : ‘अमुक विभागात विद्यार्थ्यांचा सहभाग कमी आहे’. हे विधान विभागाबद्दल आहे, पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांनाही लागू पडणारं. यंदाची तुकडी त्या दृष्टीने नमुनाच.

१९ जानेवारी

आज दिवसभर मुलाखती. सहा विद्यार्थी, एकेक करून. फॉर्म भरताना मनात जे येतं ते मोठ्याने बोलायचं, एवढीच अट. या प्रकल्पातला सगळ्यांत कामाचा दिवस, म्हणून सविस्तर लिहिते.

कलम ३, ‘वर्गात प्रश्न विचारणे किंवा चर्चेत भाग घेणे’. पहिल्याने ‘बऱ्याचदा’वर खूण केली. बऱ्याचदा म्हणजे? “आठवड्यातून दोन-तीनदा तरी.” तिसऱ्या मुलीनेही ‘बऱ्याचदा’च केलं. बऱ्याचदा म्हणजे? “महिन्यातून एकदा होत असेल. पण आमच्या वर्गात बाकी कोणी तोंडच उघडत नाही, त्या मानाने बऱ्याचदाच की.” दोघांनाही ४० गुण.

कलम ९, ‘शिक्षकांशी वर्गाबाहेर अभ्यासविषयक चर्चा करणे’. एकाने जिन्यात गाठून “सर, सबमिशनची तारीख पुढे जाईल का” विचारलं होतं, ते त्याने धरलं. दुसरी दर शनिवारी एका प्राध्यापकांबरोबर प्रकल्पावर तासभर बसते. तिने मात्र धरलं नाही, कारण “ते प्रकल्पाचं काम, चर्चा थोडीच.” तिची खूण ‘कधीकधी’वर, त्याची ‘बऱ्याचदा’वर.

मग ‘नेहमी’. हे आपलंच पाप. मूळ इंग्रजी पर्याय ‘फार वेळा’ या अर्थाचा आहे. भाषांतर करताना कोणाला तरी ‘नेहमी’ सुटसुटीत वाटलं असणार. एक मुलगी पेन उचलून थांबली आणि म्हणाली, “नेहमी म्हणजे एकदाही न चुकता ना? मग कसं टिक करू?” आणि मागे येऊन ‘बऱ्याचदा’वर टिक केलं. वरचा पर्याय असा बंदच झाला की चार पर्यायांची फूटपट्टी तीनचीच उरते. इतर सहा जणांतल्या दोघांनीही हेच केलं. (दुरुस्ती : उरलेल्या पाचांतल्या दोघांनी. रात्री लिहायला बसलं की असं होतं.)

उत्तर देताना माणूस चार पायऱ्या चढतो असं सर्वेक्षणाच्या शास्त्रात सांगतात : प्रश्न समजून घेणं, आठवणं, अंदाज बांधणं आणि तो अंदाज दिलेल्या पर्यायांत बसवणं. या सहांतला एकही जण दुसऱ्या पायरीवर रेंगाळला नाही. कोणी मोजत नाही. ‘मी कसा विद्यार्थी आहे’ हे आठवतात आणि तसा विद्यार्थी काय टिक करेल ते टिक करतात.

पर्याय स्वतःच उत्तर सुचवतात, हे तर जुनंच. श्वार्त्स आणि सहकाऱ्यांचा १९८५ चा जर्मनीतला प्रयोग आहे, रोज टीव्ही किती वेळ बघता याबद्दलचा. एका गटाला अर्ध्या तासापासून सुरू होणारे बारीक पर्याय दिले, दुसऱ्याला अडीच तासांपासून सुरू होणारे. अडीच तासांपेक्षा जास्त बघतो म्हणणारे पहिल्या गटात १६.२ टक्के निघाले, दुसऱ्यात ३७.५. माणसं तशीच, प्रश्न तोच. पर्यायांची मांडणी बघून लोकांनी आपण चारचौघांसारखे कुठे बसतो याचा अंदाज घेतला. तिथे निदान तास तरी होते. आपल्याकडे नुसतं ‘बऱ्याचदा’.

रात्री सुचलेलं, विसरायच्या आत : हे सगळं अल्फाला दिसतच नाही. महिन्यातून एकदाला ‘बऱ्याचदा’ म्हणणारी मुलगी सगळ्याच कलमांना तीच माया लावते. प्रत्येकाची फूटपट्टी त्याच्यापुरती अगदी पक्की आहे, म्हणून कलमं एकमेकांशी जुळतात, म्हणून अल्फा वर जातो. फूटपट्ट्या एकमेकांशी जुळत नाहीत, ते कुठे नोंदवायचं?

२२ जानेवारी

वाचन. स्टीफन पोर्टर यांचा २०११ चा लेख. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणांना काही सप्रमाणता आहे का, म्हणजे जे मोजायचं तेच त्यात मोजलं जातं का, असा प्रश्न थेट शीर्षकातच विचारणारा. त्यांचं उत्तर जवळजवळ ‘नाही’ असंच आहे. विद्यार्थ्याच्या डोक्यात अशा नोंदी साठवलेल्याच नसतात, मग त्या बाहेर कशा येणार, हा त्यांचा गाभा. १९ तारखेनंतर मी त्यांच्याशी भांडायच्या मनःस्थितीत नाही, तरी एक खटकतं. ‘सादरीकरण केलं का’ आणि ‘विविध दृष्टिकोनांचा विचार केला का’ या दोन प्रश्नांना ते फारच एका मापाने मोजतात. पहिल्याची आठवण राहते.

आपला चौथा गट (‘विचारक्षमता किती वाढली?’) मात्र यातून वाचत नाही. निकोलस बोमन यांनी २०१० मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितलेली प्रगती आणि वर्षाच्या सुरुवातीला व शेवटी मोजून निघालेला बदल शेजारीशेजारी ठेवले. दोन्हींचा एकमेकांशी फारसा संबंध लागला नाही. साहजिक आहे. कोणाला आठवतंय जूनमध्ये आपण किती विचारी होतो ते? आणि याच गटाचा अल्फा आपल्याकडे सगळ्यांत जास्त. चांगलं वाटत असलं की सगळंच ‘खूप’ वाढलेलं असतं.

२९ जानेवारी

पुनर्परीक्षणाची दुसरी फेरी. दोन आठवडे हे अंतर तडजोडीचंच. लवकर विचारलं तर पोरं मागची उत्तरं आठवून लिहितात, उशिरा विचारलं तर वागणंच बदललेलं असतं. यात परीक्षेचं वेळापत्रक मध्ये आलं.

आणि कोडचा फज्जा. कोणी फोनचे पहिले दोन अंक लिहिले, कोणी आईऐवजी स्वतःचं अक्षर, एकाने तर दोन आठवड्यांत नंबरच बदलला. बऱ्याच जोड्या जुळल्याच नाहीत. विश्वसनीयता तपासायला केलेला कोडच विश्वसनीय निघाला नाही, हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा खळखळून हसल्या.

जुळलेल्या जोड्यांतून जे दिसलं ते : ‘कधीच नाही’ म्हणणारे ठाम राहतात. ‘कधीकधी’ आणि ‘बऱ्याचदा’मध्ये मात्र ये-जा चालू असते. सादरीकरण, ग्रंथालयातून पुस्तक घेणं, म्हणजे ज्या कृतीचा मागे काही पुरावा उरतो, ती कलमं स्थिर. ‘चर्चा’ आणि ‘विचार’ असलेली डळमळीत. जोड्या कमी, म्हणून टिपणात सहसंबंधाचा आकडा देणार नाही, निरीक्षण म्हणून लिहीन.

३१ जानेवारी

‘गेल्या वर्षीपेक्षा वर की खाली’ याचा हिशेब. दोन्ही वर्षी मुलं वेगळी, विभाग तोच. ६० च्या मापावर प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती पसरलेत ते) १४ धरलं आणि दोन्ही वर्षी ४०–४० उत्तरं असली, तर दोन सरासऱ्यांमधल्या फरकाची प्रमाण त्रुटी (नुसत्या योगायोगाने होणारी साधारण चूक) ३.१ येते. म्हणजे साधारण सहा गुणांपर्यंतचा चढउतार नुसत्या योगायोगानेही दिसू शकतो. मागच्या अहवालातले हिरवे-लाल बाण बघितले. बहुतेक बाण दोन-तीन गुणांवर उठवलेले.

तीच मुलं दोनदा मोजली तरी सुटका नाही. दोन्ही मापांची विश्वसनीयता ०.८ आणि त्यांच्यातला सहसंबंध ०.६ असेल, तर फरकाची विश्वसनीयता ०.५ वर येते. दोन चांगली मापं एकमेकांतून वजा केली की खरं बरंच कटून जातं आणि चुका मात्र दोन्हीकडच्या साचतात.

२ फेब्रुवारी

आज जे सापडलं ते पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. लाज वाटतेय.

प्रतिसादाच्या टक्केवारीवर परिच्छेद लिहीत होते. गेल्या वर्षी लिंक पाठवली तेव्हा प्रतिसाद कमी होता, यंदा भरपूर, त्यामुळे यंदाचा डेटा जास्त भरवशाचा, असं वाक्यही झालं होतं. नेसीच्या डेटावरचं २०१७ चं एक काम आठवलं म्हणून बघितलं. निदान ५०० जणांना विचारलेलं असेल, तर ५ ते १० टक्के प्रतिसादातूनही सरासरी बऱ्यापैकी स्थिर मिळते, असं त्यात आहे. म्हणजे टक्केवारी कमी म्हणून डेटा टाकाऊ असं नाही. मग प्रश्न उरतो, आले ते कोण.

यंदाचे फॉर्म भरले कुठे? वर्गात. तासाला. म्हणजे जे वर्गात बसले होते त्यांनी. जे येतच नाहीत, ज्यांचा सहभाग खरोखर कमी आहे, ते मोजणीच्या बाहेर. आणि ‘यंदा सहभाग वाढला’ म्हणून जो आनंद झाला होता, त्यात लिंकवरून वर्गात आल्याचा वाटा किती आणि खऱ्या वाढीचा किती, हे आता कोणत्याही सूत्राने सुटं होणार नाही. अल्फा इथेही सुरेखच आहे.

मॅडमना लगेच फोन केला. बराच वेळ शांतता. मग, “वर्गात भरून घ्या हे मीच सांगितलं होतं, नाही का?” मी काही बोलले नाही.

६ फेब्रुवारी

मसुदा दिला. दोन पानांची सहा झाली. क्रमवारीचा तक्ता काढला, बाणही काढले. विभागांची नावं अकारविल्हे, प्रत्येक सरासरीभोवती ती किती इकडेतिकडे असू शकते ते दाखवणारा पट्टा. चौथा गट सरासरीत धरलेला नाही, मागे परिशिष्टात आहे. लहान विभाग विद्याशाखेत एकत्र. दोन वर्षांची तुलना पूर्ण वगळली आणि का वगळली ते पहिल्याच पानावर लिहिलं.

बैठकीत अपेक्षित तेच. “मग आमचा नंबर कितवा ते कळणार कसं?” एका विभागप्रमुखांनी तर पट्ट्याचं वरचं टोक वाचून आपला विभाग पहिला जाहीर केला. मॅडमनी तिथे माझी बाजू लावून धरली, पण चौथा गट पुढच्या वर्षी ठेवायचाच यावर त्याही अडून बसल्या. वरून मागणी आहे म्हणे. ठेवला आहे.

१३ फेब्रुवारी

‘नेहमी’चं काय करायचं? ते ‘फार वेळा’ केलं तर प्रश्नावली सुधारते पण मागची दोन वर्षं तुटतात. तसंच ठेवलं तर चूक जपून ठेवायची, का तर ती जुनी आहे म्हणून. मार्ग असा ठरला : निम्म्या विद्यार्थ्यांना जुना फॉर्म (अ), निम्म्यांना नवा (ब), चिठ्ठ्या टाकाव्यात तसे मिसळून. दोन गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे शब्दाची किंमत. नव्या फॉर्ममध्ये काही कलमांना थेट संख्याही विचारली आहे : ‘गेल्या सात दिवसांत किती वेळा?’ वर्गात नसलेल्यांना लिंक, निरोप, पुन्हा निरोप. लहान प्रमाणावर चाचणी येत्या आठवड्यात.

१७ फेब्रुवारी

छापील फॉर्म आले. कार्यालयातल्या मामांनी ते आपण होऊन नीट लावून ठेवले होते : सगळे ‘अ’ एका गठ्ठ्यात, सगळे ‘ब’ दुसऱ्यात, वर रबरबँड, आणि चिठ्ठी लावलेली, ‘अ – वाणिज्य, ब – विज्ञान’. म्हणाले, “मिक्स झाले होते मॅडम, सगळे वेगळे करून ठेवलेत, दोन तास गेले.” त्यांना चहा पाजला. मग मी आणि मॅडम टेबलावर समोरासमोर बसलो आणि ते फॉर्म एक अ, एक ब, एक अ, एक ब असे पुन्हा लावत बसलो.